आधी वरून बघा!

महाराष्ट्राचा नकाशा उघडा. बार्शी तालुक्यातल्या वैरागवर बोट ठेवा आणि ते सरळ पश्चिमेला सरकवत न्या. माढा लागेल, उजनीचं पाणी लागेल, इंदापूर, बारामती, भोर असं करत बोट घाट उतरेल, महाडजवळून जाईल आणि श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या आसपास समुद्रात पडेल. सरळ रेषेत अंतर साधारण तीनशे किलोमीटर. म्हणजे आपण आणि हरिहरेश्वर जवळपास एकाच अक्षांशावर राहतो. फरक इतकाच, की त्यांच्या दारात पाणी आहे आणि आपल्या दारात ज्वारी.

म्हणूनच कॉलेजची ट्रिप म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते कोकणाचं. रात्रभर गाडीत गाणी म्हणायची, सकाळी बीचवर उतरायचं, बॅगा वाळूत टाकायच्या आणि कपड्यांसकट पाण्यात घुसायचं. मग फोटो, घोडागाडी, बनाना राईड, माणशी पैसे भरून ‘डॉल्फिन पॉइंट’. संध्याकाळी सोलकढी आणि परत गाडी. दोन दिवस समुद्रावर राहून समुद्र मात्र बघायचाच राहून जातो.

या सुट्टीत जरा वेगळं करून बघा. बीचवर जाण्याआधी बाजूच्या टेकाडावर चढा.

कोकणातले बहुतेक किनारे दोन टेकाडांच्या मध्ये वसलेले आहेत. मध्ये वाळूची कमान आणि दोन्ही टोकांना समुद्रात घुसलेला खडक. शाळेच्या भूगोलात त्याला ‘भूशिर’ म्हणायचे, आठवतंय? वरचा जांभ्या दगडाचा सपाट माळ म्हणजे सडा. पावसाळ्यानंतर या सड्यावर रानफुलं असतात, उन्हाळ्यात नुसतं वाळलेलं गवत आणि तापलेला काळा-तांबडा कातळ. आपल्या माळरानाची सवय असलेल्या पायांना तो अजिबात परका वाटत नाही. फक्त इथे माळ संपतो तिथे खाली समुद्र असतो.

जगात लोक यासाठी मुद्दाम प्रवास करतात. दक्षिण आफ्रिकेतल्या हर्मानस गावात कड्याच्या काठाने पायवाट आहे. साधारण जून ते नोव्हेंबर या काळात देवमासे तिथल्या उपसागरात येतात आणि लोक पायवाटेवर उभे राहून ते बघतात. देवमासा कुठे दिसला हे समुद्री शेवाळाचं शिंग फुंकून सांगणारा एक माणूस गावाने १९९२ पासून नेमलेला आहे. आपल्याकडे दवंडी पिटायचे, तसंच! ऑस्ट्रेलियातल्या केप बायरनच्या दीपगृहाजवळ उभं राहिलं की एका नजरेत हंपबॅक देवमासे आणि खाली लाटांवर घसरणारे सर्फर दोन्ही दिसतात. याच बायरन बे गावात १९५४ ते १९६२ या काळात देवमासे मारण्याचा कारखाना चालत होता. तेच गाव आता देवमासे बघायला येणाऱ्यांवर चार पैसे मिळवतं.

आपल्याकडे शिंग फुंकणारा कुणी नाही. पण भूशिरं आहेत आणि समुद्रात प्राणीही आहेत. बघणारे कमी आहेत.

उंचीचं गणित

‘टेकाडावरून काय दिसणार, बोटीतून जवळून दिसेल की,’ असं कुणीतरी म्हणणारच. त्याला हे गणित सांगा. पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिज किती लांब दिसणार हे डोळ्याच्या उंचीवर ठरतं. उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. वाळूवर उभं राहिलात, डोळे दीड मीटरवर आहेत, तर क्षितिज सव्वाचार-साडेचार किलोमीटरवर. तुम्ही पन्नास मीटर उंच सड्यावर असाल तर तेच क्षितिज पंचवीस किलोमीटरवर जातं. बोटीत बसलेला माणूस पाण्याला टेकलेला असतो. त्याला पुढच्या दोन लाटांपलीकडचं धड दिसत नाही. तुम्हाला अख्खा उपसागर दिसतो.

वेळेचंही गणित आहे. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो, त्यामुळे पाण्याचा रंग, त्यावरची हालचाल स्वच्छ दिसते. दुपारनंतर सूर्य समोर येतो आणि समुद्राचा आरसा होतो. डोळे दिपतात, काही कळत नाही. शिवाय खारे वारे आणि मतलई वारे तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलेत ना? दिवसा जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे वाहायला लागतात आणि पाण्यावर पांढऱ्या फेसाचे ठिपके उठतात. त्या ठिपक्यांत पाठीचा पंख शोधणं म्हणजे कापसाच्या शेतात बगळा शोधणं. सकाळी सात ते दहा ही खरी वेळ. सूर्यास्त फोटोला चांगला, बघायला सकाळ चांगली.

आणि हंगाम? ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, कडे निसरडे असतात. तेव्हा जाऊ नका.

नेमकं काय दिसेल?

खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी देवमासा दिसेल असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कोकणात किनाऱ्यावरून दिसण्याची सगळ्यात जास्त शक्यता आहे ती हंपबॅक डॉल्फिनची. हा डॉल्फिन उथळ पाण्यातच, किनाऱ्याला धरून राहतो. खाड्यांच्या तोंडाशी मासे खायला येतो. आधी लांब चोच वर येते, मग मदार असल्यासारखी उंचवट्याची पाठ, त्यावर छोटासा पंख, आणि सगळं सावकाश खाली जातं. टीव्हीवरच्यासारख्या उड्या क्वचितच. ओढ्यात डुंबणारी म्हैस पाठ वर काढते ना, तसं काहीसं. जगभरात ही जात धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, कारण ती जिथे राहते तिथेच आपली जाळी, बंदरं, सांडपाणी आणि बोटी आहेत.

देवमासे मात्र खोल पाण्यातले. तरी ते ‘आपल्याकडे नसतात’ हे खरं नाही. ब्रायडस् देवमासा आपल्या समुद्रात आहे. तारली-बांगड्यासारख्या छोट्या माशांच्या थव्यांवर तो जगतो. २०१५ मध्ये सिंधुदुर्गच्या समुद्रात काम करणाऱ्या कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या संशोधकांना चक्क निळे देवमासे दिसले, तेही पिल्लासह. निळा देवमासा म्हणजे पृथ्वीवर आजवर झालेला सगळ्यात मोठा प्राणी. डायनोसॉरसुद्धा त्याच्यापुढे लहान. त्याच वर्षी जून महिन्यात अलिबागजवळ रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक निळा देवमासा जिवंत वाहून आला. लोकांनी प्रयत्न केले, पण तो वाचला नाही.

आणि ही एक गोष्ट तर सिनेमा काढण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानच्या किनाऱ्याजवळ संशोधकांनी एका हंपबॅक मादीला उपग्रहाशी जोडलेला टॅग लावला. तिचं नाव लुबान, म्हणजे अरबीत धूप. ही मादी अख्खा अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली, गोव्याजवळून पुढे केरळपर्यंत गेली. जगातले बाकीचे हंपबॅक खाण्यासाठी ध्रुवांकडच्या थंड पाण्यात जातात. अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र वर्षभर इथेच राहतात. ते शंभराहूनही कमी उरले असावेत असा अंदाज आहे. तुमच्या वर्गात जितकी पोरं आहेत, जवळपास तितकेच. आणि त्यातली एक आपल्या समोरच्या पाण्यातून गेली, तेव्हा सड्यावर कोण होतं?

बघायचं कसं तेही सांगतो. आधी दुर्बीण लावू नका. नुसत्या डोळ्यांनी अख्खा समुद्र बघा. मनात त्याचे चार पट्टे पाडा आणि एकेक पट्टा डावीकडून उजवीकडे सावकाश चाळा. पक्षी एका जागी घोळका करून पाण्यात सूर मारत असतील तर तिथे मासळी आहे, आणि मासळी आहे तिथे डॉल्फिन येऊ शकतो. क्षितिजाकडे वाफेचा फवारा उठून विरला तर तो देवमाशाचा श्वास असू शकतो. निळ्या देवमाशाचा फवारा नऊ मीटरपर्यंत उंच जातो, म्हणजे तीन मजली घराएवढा. काही दिसलं की मग त्या जागेवर दुर्बीण. दिसलेली जागा लगेच हरवते, म्हणून जवळपासचा खडक किंवा बोट खूण म्हणून धरा. आणि मुख्य म्हणजे किमान एक तास एका जागी बसा. रील संपायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात डॉल्फिन श्वास घ्यायलाही वर येत नाही.

बोटीचं काय चुकतं?

‘डॉल्फिन सफारी’ चालवणारे आपलेच लोक आहेत, त्यांचं पोट त्यावर आहे. सगळेच वाईट वागतात असंही नाही. पण गिऱ्हाइकाला ‘दाखवायचंच’ असं ठरलं की काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल: एका कळपाभोवती चार-पाच बोटी, इंजिनं जोरात, डॉल्फिन बुडी मारतो तिकडे सगळ्या वळतात, आणि बोटीतून आपलीच शिट्टी आणि आरडाओरडा. डॉल्फिन आवाजावर जगतो. आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तो मासा शोधतो, आपलं पिल्लू शोधतो. त्याच्या भोवती इंजिनं घोंगावणं म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये कुणीतरी डीजे लावणं.

बोटीनेच जायचं असेल तर नावाड्याला आधीच सांगा: ‘काका, लांबूनच दाखवा, मागे लागू नका. नाही दिसला तरी चालेल, पैसे पूर्ण देऊ.’ हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. पाठलाग सुरू होतो तो आपल्या ‘पैसे वसूल’पणामुळे. सड्यावर बसलेल्या माणसाचं मात्र प्राण्याला काही कळतच नाही. तो निवांत खातो, खेळतो, पिल्लाला दूध पाजतो आणि तुम्हाला त्याचं खरं जगणं दिसतं. तेही फुकटात.

लाट वाचणारी माणसं

आता सर्फिंगकडे येऊ. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सर्फर अजून तुरळकच. ते बघायचे तर गोव्याच्या उत्तर टोकाला मोरजी, आश्वे, मांद्रे या पट्ट्यात जा. तिथे नवशिके बोर्ड घेऊन धडपडताना हमखास दिसतात. खाली कर्नाटकात मंगळुरूजवळचं मुल्की हे भारतातल्या सर्फिंगचं जुनं गाव. पूर्व किनाऱ्यावर तमिळनाडूतलं महाबलीपुरम. तिथेच २०२५ मध्ये आशियाई सर्फिंग स्पर्धा झाली आणि रमेश बुदिहाळने ब्राँझ जिंकून भारताला या स्पर्धेतलं पहिलं वैयक्तिक पदक मिळवून दिलं.

सर्फर बघायला उंच जागा का हवी? कारण वाळूवरून तुम्हाला फक्त पडणारी माणसं दिसतात. वरून दिसते ती लाटांची रचना. लांब कुठेतरी, कधीकधी हजारो किलोमीटरवर, वादळ होतं आणि तिथे उठलेल्या लाटा समुद्रभर पसरत इकडे येतात. त्या एकेकट्या येत नाहीत, झुंडीने येतात: चार-सहा मोठ्या, मग जरा शांतता, मग पुन्हा मोठ्या. उथळ पाण्यात आल्यावर लाटेचा पाय जमिनीला लागतो, ती मंदावते, उंच होते आणि तिची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊणपट झाली की फुटते. सर्फर बोर्डवर बसून क्षितिजाकडे तोंड करून थांबलेला असतो तो याच हिशेबासाठी. दहा मिनिटं थांबायचं, दहा सेकंद घसरायचं. खेळातला बराचसा वेळ तो बघण्यातच घालवतो!

भूशिराजवळ आणखी एक गंमत होते. लाटेचा जो भाग आधी उथळ पाण्यात येतो तो मंदावतो, बाकीचा पुढे धावत राहतो, आणि सरळ आलेली लाट टोकाभोवती वळते. अशी वळलेली लाट एका बाजूने सावकाश उलगडत फुटते आणि सर्फरला लांबवर घसरता येतं. पण त्याच वळणामुळे लाटांचा सगळा जोर भूशिराच्या टोकावर एकवटतो. उपसागरात वाळू साठते आणि टोकावर नागडा खडक उरतो तो यामुळेच. म्हणून फोटोसाठी टोकाच्या शेवटच्या ओल्या खडकावर उभं राहायचं नाही. खडक ओला आहे याचा अर्थ लाट तिथपर्यंत येऊन गेली आहे, आणि झुंडीतली मोठी लाट अजून यायची आहे.

शांत दिसणारी गल्ली

हा भाग नीट वाचा. या लेखातलं बाकीचं विसरलात तरी चालेल.

१ फेब्रुवारी २०१६. मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्यातल्या एका कॉलेजची सहल आली होती. दुपारी ओहोटीच्या वेळी मुलं पाण्यात उतरली. चौदा विद्यार्थी बुडाले. तुमच्याच वयाची मुलं-मुली होती ती, तुमच्यासारखीच घाटावरून आलेली. त्यानंतरही दर वर्षी अशा बातम्या येतातच. आकडा कमी-जास्त, गोष्ट तीच.

आपल्याकडची बरीच पोरं विहिरीत पोहायला शिकतात. पाठीला डबा किंवा सुक्या भोपळ्याचा बिंडा बांधून काकाने ढकललेलं असतं. विहिरीत खोली असते, पण ओढ नसते. पाणी जागचं हलत नाही. समुद्राचं उलटं: कमरेएवढ्या पाण्यातही ओढ असते. लाटा किनाऱ्यावर जे पाणी आणून टाकतात ते परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत जातं. या ओढीचा वेग कधीकधी इतका असतो की ऑलिंपिकचा जलतरणपटूही त्याच्याविरुद्ध पोहू शकत नाही.

आता खरी मेख. वाळूवरून बघितलं तर हीच जागा सगळ्यात सुरक्षित वाटते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात, फेस असतो. मधला पट्टा मात्र शांत, सपाट, जरा गडद रंगाचा. कुणीही म्हणेल, ‘अरे, इथे लाटा नाहीत, इथे उतरू.’ तीच ओढीची गल्ली. सड्यावरून ती अनेकदा स्पष्ट दिसते: फेसाच्या पांढऱ्या ओळीत पडलेली खिंड, कधी त्यातून आत समुद्राकडे जाणारा गढूळ पाण्याचा किंवा फेसाचा पट्टा. अनुभवी सर्फर हीच गल्ली पकडून कष्ट न करता आत जातात. त्यांना ती रस्ता वाटते कारण त्यांच्या पायाला बोर्ड बांधलेला असतो आणि बाहेर कसं यायचं ते त्यांना माहीत असतं. आपल्याला माहीत नसतं.

म्हणून बीचवर जाण्याआधी वर चढा आणि पंधरा मिनिटं नुसती ती फेसाची ओळ बघा. गल्ली कुठे आहे ते ग्रुपमधल्या सगळ्यांना दाखवा. तरीही कुणी सापडलाच, तर किनाऱ्याकडे सरळ पोहायची धडपड करायची नाही. दम जातो आणि माणूस बुडतो. पाठीवर तरंगायचं, हात वर करून मदत मागायची आणि ओढ सैल झाली की किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला होऊन मग बाहेर यायचं. वाचवायला म्हणून दुसऱ्याने उडी मारायची नाही. रिकामा कॅन, दोरी, बॉल, जे तरंगेल ते फेका आणि ११२ ला फोन करा.

एकादशीचं घड्याळ

भरती-ओहोटीचं टाइमटेबल मोबाइलवर मिळतं, पण सड्यावर रेंज नसली तर? मुंबई-कोकणातले दर्यावर्दी वापरतात तो हिशेब पाठ करा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पंढरीच्या जिल्ह्यातल्या माणसाला एकादशी सांगायला नको. अकरा गुणिले पाऊण, सव्वाआठ. म्हणजे एकादशीला सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास भरती, आणि साधारण सहा तासांनी, दुपारी सव्वादोनच्या आसपास ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला. तिथी शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते, इतकी साधी ही गोष्ट आहे. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप खाली जातं; अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी त्यामानाने कमी हलतं. हिशेब ढोबळ आहे, ठिकाणागणिक मागे-पुढे होतो. म्हणून गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय खडकात उतरायचं नाही.

कुठे जाल?

हरिहरेश्वर. आपल्या अक्षांशावरचं ठिकाण. देवळामागून डोंगराला वळसा घालणारा प्रदक्षिणा मार्ग हा महाराष्ट्रातला बहुधा सगळ्यात नाट्यमय भूशिर-रस्ता. कड्याच्या फटीतून पायऱ्या उतरतात आणि तुम्ही थेट लाटांनी कोरलेल्या खडकावर येता; मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी पडलेले दगड बघत राहावेत असे. मात्र हा रस्ता फक्त ओहोटीचा. भरतीच्या वेळी इथे लोक वाहून गेले आहेत. ‘आत जाऊ नका’ असं कुणी सांगितलं तर वाद न घालता वरूनच समुद्र बघा. वैरागहून बार्शी किंवा सोलापूर गाठून पुणे आणि तिथून श्रीवर्धन-हरिहरेश्वरची एसटी.

रत्नदुर्ग. रत्नागिरी शहराला लागून, घोड्याच्या नालेसारखा किल्ला, तीन बाजूंना समुद्र. भगवतीच्या देवळाजवळून आणि तटावरून दोन्हीकडचं पाणी दिसतं. सोलापूर-कोल्हापूर-रत्नागिरी असा सरळ महामार्ग आहे. परत येताना झाडगावच्या मत्स्यसंग्रहालयात देवमाशाचा सांगाडा बघा. त्याच्या शेजारी उभं राहिलं की आकार म्हणजे काय ते कळतं.

देवगड. किल्ला, दीपगृह आणि सड्यावरच्या पवनचक्क्या. जवळच कुणकेश्वर. निळे देवमासे दिसले तो समुद्र याच जिल्ह्याचा.

निवती. वेंगुर्ले तालुक्यातला छोटा किल्ला, खाली भोगव्याचा किनारा. डॉल्फिनसाठी बोटी इकडे येतातच, म्हणजे डॉल्फिन येतात. तुम्ही वर बसा.

खर्चाचं म्हणाल तर सड्याला तिकीट नाही. एसटीत मुलींना २०२३ पासून निम्मं भाडं आहे, त्यामुळे ग्रुपमधल्या मैत्रिणींनी ‘घरचे सोडत नाहीत, महाग पडतं’ या दोनपैकी निदान एक कारण तरी बाद करावं. सॅकमध्ये दोन बाटल्या पाणी, टोपी, घट्ट पकडीचे बूट, एखादी दुर्बीण (पाचजणांत एक पुरते), वही-पेन आणि खायला कडक भाकरी, शेंगाचटणी. दिवसभर उन्हात टिकणारं याहून चांगलं खाणं कोकणातही मिळणार नाही. कचरा परत सॅकमध्येच. समुद्राने गिळलेली पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते.

दिसलं तर काय करायचं?

वहीत तारीख, वेळ, जागा, किती प्राणी, कोणत्या दिशेला चालले होते, एवढं लिहा. फोटो असला तर उत्तम. ही नोंद आयनॅचरलिस्टवर किंवा मरीन मॅमल रिसर्च अँड कॉन्झर्व्हेशन नेटवर्क ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर टाका. ‘आज दोन तासांत काहीच दिसलं नाही’ हेही तुमच्या वहीत लिहा. पुढच्या खेपेला तुलना करायला तेच उपयोगी पडतं.

वाळूवर प्राणी अडकलेला दिसला तर १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनला फोन करा. शेपटी धरून ओढू नका, अंगावर चढू नका, डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी-वाळू जाऊ देऊ नका, ओल्या कापडाने अंग ओलं ठेवा आणि गर्दी हटवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू अडकलं होतं. लोकांनी आणि यंत्रणांनी जवळपास दोन दिवस झटून त्याला पाण्यात सोडलं, तरी ते जगलं नाही. इतकं अवघड असतं ते. म्हणून पहिला फोन लवकर लागणं महत्त्वाचं. मच्छीमारांसाठीही राज्यात २०१८ पासून योजना आहे: जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. गावात गप्पा मारताना हे सांगा. काहींना ठाऊक नसतं.

आणि किनाऱ्यावर कुणी ‘देवमाशाची उलटी’ कोटींना विकून देतो म्हणाला तर तिथून निघा. ती स्पर्म व्हेलच्या पोटात तयार होते. आपल्याकडे तिचा व्यापार गुन्हा आहे, तीन ते सात वर्षांची शिक्षा होऊ शकते. झटपट पैशाच्या नादात यात अडकलेल्या तरुणांच्या अटकेच्या बातम्या वाचल्याच असतील.

सराव घरीच

कोकणात जायला दिवाळी किंवा उन्हाळा उजाडेल. तोवर डोळे तयार करायला तीनशे किलोमीटर जायची गरज नाही. वैरागहून सोलापूरला जाणारी एसटी नान्नजवरून जाते. तिथे १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. एक काळ असा होता, की या माळावर माळढोक बघायला लांबून माणसं यायची. आज एखादा दिसला तर बातमी होते. सगळ्या जगात आता दीडशेच्या आतबाहेरच उरलेत. तो एका दिवसात गेला नाही. दर वर्षी थोडा कमी दिसत गेला, आणि आपल्यातल्या फार थोड्यांचं तिकडे लक्ष होतं.

पण काळवीट आहेत, लांडगे आहेत, गवतातले पक्षी आहेत. एखाद्या रविवारी वन खात्याच्या परवानगीने जा, सकाळी, सूर्य पाठीशी घेऊन. गवताचे चार पट्टे पाडा आणि सावकाश नजर फिरवा. मेंढरं घेऊन चाललेले धनगर बाबा भेटले तर त्यांना विचारा. मैलावरचं हललेलं गवत वाऱ्याने हललं की लांडग्याने, हे त्यांना कळतं. ते कसं कळतं, तेवढं त्यांच्याकडून शिकून घ्या. समुद्रावर तेच लागतं.